अठ्ठेचाळीस तासांच्या आतला रिपोर्ट

जहाज शनिवारी सुटणार होतं आणि प्रेमराजनानांनी कोविडची टेस्ट सोमवारीच करून टाकली. यात आपलं काही चुकलं असं त्यांना आजही वाटत नाही. चौतीस वर्षं महसूल खात्यात काढलेला माणूस. तलाठी म्हणून लागला, सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, म्हणून निवृत्त झाला, आणि एवढ्या काळात एकही कागद मुदत उलटून दिला नाही. जळगावात गिरणा टाकीच्या मागे त्यांचं लहानसं घर आहे. त्या घराची पट्टी नाना बिल यायच्या आधी भरतात, मग बिल आलं की ते घेऊन महापालिकेत जातात आणि भरलेली पट्टी पुन्हा का मागता म्हणून भांडून येतात. अशा माणसाला जहाज कंपनीनं कळवलं की प्रवासाआधी आरटीपीसीआर रिपोर्ट लागेल. त्यांनी मंगळवारची वाट कशाला पाहायची?

आणि टेस्ट केली तीही एकट्याची. तिकीट दोघांचं होतं, नानांचं आणि सुलक्षणाअक्कांचं. टेस्ट मात्र नानांची. यामागेही चौतीस वर्षं होती. सातबाऱ्यावर चार भाऊ, त्यांच्या बायका, विधवा बहीण अशी सगळ्यांची मिळून जमीन असली तरी नाव एकाचं लागतं आणि त्यापुढे लिहितात ए.कु.क., म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. भडगाव तालुक्यात नानांनी ही अक्षरं इतक्या वेळा लिहिली होती की जगाची रचनाच अशी आहे असं त्यांच्या मनानं धरून घेतलं होतं. एका चुलीवर जेवणारी माणसं, त्यांच्यातर्फे एकानं उत्तर द्यायचं. लॅबच्या फॉर्मवर त्यांनी आपल्या नावापुढे व्यवस्थित ए.कु.क. लिहिलं.

"काका, हे काय लिहिलं?" काउंटरवरच्या मयुरीनं विचारलं.

"तुमच्या साहेबांना कळेल," नाना म्हणाले, आणि साडेतीनशे रुपये मोजून दिले. पैसे देताना त्यांना थोडं जड गेलं. नाकात काडी घालायला आणि बाहेर काढायला मिळून पाच सेकंद लागले होते. तेवढ्या रकमेत पहूरच्या त्यांच्या वडिलोपार्जित तुकड्याचा कितीतरी वर्षांचा शेतसारा भरून झाला असता. पण रकमेपेक्षा काम वेळेआधी झाल्याचं समाधान मोठं होतं.

खरं सांगायचं तर नानांना समुद्राचं काही नव्हतं. जास्तीचं पाणी म्हणजे पंचनामा, एवढंच त्यांना माहीत. समुद्र पाहायचा होता अक्कांना. लग्नाला छत्तीस वर्षं झाली; तेवढ्या काळात तीनदा कोकणात जायचं ठरलं आणि तीनदा मोडलं. एकदा गारपीट, एकदा निवडणूक, एकदा गिरणेचा पूर. अक्का मूळच्या शिंदखेड्याच्या, अहिराणी बोलणाऱ्या, आणि तेही कमी. त्यांनी तिन्ही वेळा भरलेल्या पिशव्या मुकाट रिकाम्या केल्या. मग गेल्या एप्रिलात त्यांना कोविड झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. आत कुणाला सोडत नव्हते, म्हणून नाना अकरा दिवस दवाखान्यासमोर रस्त्याच्या कडेला बसून होते. सातव्या दिवशी एका नर्सनं स्वतःच्या फोनवरून दोन मिनिटं अक्कांचं तोंड दाखवलं. अक्कांना बोलता येत नव्हतं. नाना रस्त्यात उभे राहून मोठ्यानं ओरडले, "बरी हो. तुला समुद्र दाखवतो. काठावरून नाही, पार आत नेऊन!"

अक्का बऱ्या झाल्या. जिना चढताना अजून मध्येच थांबतात, पण बऱ्या झाल्या. दिलेला शब्द तेवढा राहिला होता, आणि तो नानांना रोज सकाळी चहाच्या आधी आठवायचा.

शेजारच्या कुंदननं, जो विम्याचा एजंट आहे आणि ज्याला फोनवर सगळं जग दिसतं, ही जहाजाची ऑफर शोधून काढली. मुंबईहून निघायचं, गोव्याला जाऊन यायचं, दोन रात्री, एका तिकिटावर दुसरं माणूस फुकट. एकोणीस हजार. नानांनी आयुष्यात पहिल्यांदा पावती न मागता पैसे दिले.

मंगळवारी जहाज कंपनीच्या मुलीचा फोन आला. आवाज फार गोड होता.

"सर, रिपोर्ट बोर्डिंगच्या आधीच्या अठ्ठेचाळीस तासांतला हवा."

"माझा तयार होतोय. कालच टेस्ट केली."

"तो चालणार नाही सर. लवकर केलाय तुम्ही."

नाना खुर्चीत बसले. लवकर केला म्हणून कागद नाकारला, असं त्यांच्या सबंध नोकरीत कुणाच्या बाबतीत घडलं नव्हतं.

"आणि सर, मॅडमचा रिपोर्ट?"

"तो माझ्यातच आहे."

मग त्या मुलीनं, लहान मुलाला समजावतात तसं, प्रत्येक माणसाची टेस्ट वेगळी असते हे समजावून सांगितलं. नानांनी फोन ठेवला आणि मेथी निवडत बसलेल्या अक्कांकडे पाहिलं.

"तुझीही टेस्ट मागताहेत. तू घाबरू नको."

"मी कसाले घाबरू?" अक्का म्हणाल्या.

"मला माहीत आहे ना. एप्रिलात ती काडी नाकात गेली आणि मग पुढचं सगळं झालं. मी तुझ्या जागी असतो तर मलाही नको वाटलं असतं."

अक्कांनी मेथीची काडी मोडली. नानांनी संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला सांगितलं की आमची ही टेस्टला फार घाबरते.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या मंदाबाई पदर खोचून आल्या. "नाना, आधी तीन दिवस ओव्याची वाफ घ्या दोघं. आमच्या ह्यांनी घेतली होती, तर निगेटिव्ह आली. ह्यांच्या भावानं काही घेतली नाही."

"मग त्याची पॉझिटिव्ह आली?"

"नाही, निगेटिव्हच आली. पण वाफ घेतली असती तर अंगाला बरं वाटलं असतं ना."

कुंदनचं म्हणणं, नाकात साजूक तूप सोडावं म्हणजे काडी सटकन जाते. "तुम्ही टेन्शन काबर घेऊन राहिले, नाना? सगळा खेळ तुपाचा आहे." नानांनी वाफ घेतली आणि तूपही सोडलं. तूप वितळून घशात उतरलं, ठसका लागला, आणि तो ठसका ऐकून मागच्या गल्लीतल्या एका माणसानं खिडकी लावून घेतली. नानांना हे फार लागलं. ज्या माणसाच्या सहीनं गावंच्या गावं आपत्तिग्रस्त ठरत, त्याच्या तोंडावर खिडकी लागली होती.

बुधवारी भरीत पार्टी होती. कॉलनीतलं कुणी लांब निघालं आणि हिवाळा असला, की भरीत होतंच. त्यात कुणाला विचारायचं नसतं. कुंदनच्या सासऱ्याच्या मळ्यात आसोद्याची वांगी, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्या, चाळीस माणसं. नानांनी खूप नाही म्हणून पाहिलं. शेवटी गेले, पण घरून आपलं ताट घेऊन गेले आणि पंगतीपासून वीस हात लांब, विहिरीच्या कठड्यावर मास्क लावून बसले.

वांगी भाजतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काटक्यांवर. पऱ्हाट्यांचा धूर मळाभर होतो आणि माणसं खोकतात. दरवर्षी खोकतात, त्याशिवाय भरिताला चव येत नाही असं जाणकार म्हणतात. नाना विहिरीवर बसून कोण किती वेळा खोकतो ते मोजत होते. बायकांच्या पंगतीत अक्कांच्या डाव्या हाताची बाई चार वेळा, उजव्या हाताची दोन वेळा, मंदाबाई तर मोजण्यापलीकडे. अक्का मात्र पुरीवर पुरी घेत होत्या आणि कशावर तरी हसत होत्या. एप्रिलनंतर इतक्या हसल्या नव्हत्या. नानांना तेही दिसलं, पण ते हसण्यावर खूश व्हावं की तोंड उघडं आहे म्हणून ओरडावं, हे ठरेना.

जेवणं झाल्यावर रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी द्यायची होती. नाना जवळ येऊ देईनात. तेव्हा कुंदननं एक लांब पऱ्हाटी घेतली, तिच्या टोकाला टॉवेल आणि टोपी अडकवली आणि ती दुरून नानांपुढे धरली. नानांनी सत्कार स्वीकारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या खऱ्या, पण जाताना दोघं-तिघं म्हणालेच, "आम्हाला काय रोग आहे का नाना?" नाना घरी येऊन बराच वेळ पाय धूत राहिले.

गुरुवारी संध्याकाळी पाचला, म्हणजे अठ्ठेचाळीस तासांच्या हद्दीत पाऊल टाकून, ते अक्कांसह लॅबमध्ये हजर झाले. मयुरीनं मान हलवली.

"काका, आता घेतलं तरी रिपोर्ट रविवारीच मिळेल. नमुना इथून धुळ्याला जातो. आधी एसटीच्या पार्सलनं जायचा. एसटीचा संप आहे, त्यामुळे आता काळी-पिवळीनं पाठवतो. ती भरल्याशिवाय निघत नाही."

"म्हणजे ती काडी सीट भरायची वाट बघते?"

"हो काका."

"आणि धुळ्याला जाऊन नाक दिलं तर?"

"तर रिपोर्ट त्याच संध्याकाळी."

"मग नाकच घेऊन जातो," नाना म्हणाले.

शुक्रवारी सकाळी कुंदनच्या ओळखीची गाडी ठरली. जायचे-यायचे चौतीसशे. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि नाना मनात आकडे घालत होते. जहाजात एका रात्रीला जेवढे पडत होते, त्याच्या निम्म्याला येईल एवढा खर्च नाकांवर होणार होता, आणि जहाज अजून लांब होतं. अक्का खिडकीतून कपाशीची शेतं बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "समुद्रनं पानी खरंच खारं ऱ्हास का हो?"

"असतं म्हणतात."

"मी चाखी देखसू."

धुळ्याच्या लॅबमध्ये काचेआड एक माणूस बसला होता. त्यानं प्रवाशांसाठीचा दर सांगितला, माणशी बाराशे.

"सरकारी दर साडेतीनशे आहे."

"तो साध्या रिपोर्टचा. तुमचा जहाजाचा."

"जहाजाला नाक वेगळं लागतं का?"

"नाक तेच आहे काका. घाई वेगळी आहे."

नानांनी शासन निर्णयाची प्रत मागितली. मागच्या रांगेतल्या लोकांनी नानांना बाहेरची दिशा दाखवली. नानांनी चोवीसशे भरले, आणि भरताना पावतीवर तारीख, वेळ आणि शिक्का तिन्ही आहेत ना ते दोनदा पाहिलं.

आधी नानांचं झालं. मग अक्का खुर्चीवर बसल्या, मास्क खाली केला आणि मान मागे टाकली. नाना भिंतीकडे वळले. भिंतीवर तपासण्यांचा दरफलक होता. तो त्यांनी वरपासून वाचायला घेतला: थायरॉईड, व्हिटॅमिन डी, साखर उपाशीपोटी, साखर जेवणानंतर. तळापर्यंत पोचले तेव्हा मागून अक्कांचा आवाज आला.

"झायं. तुम्ही भिंतले काबर धरी राह्यनात?"

नानांनी हात काढला. भिंतीच्या निळ्या रंगावर पाची बोटांचा ओला ठसा उमटला होता.

संध्याकाळी सातला नानांच्या फोनवर नानांचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. अक्कांचा आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. मंदाबाई प्रवासासाठी चटणीची बाटली घेऊन आल्या होत्या, त्यांनी धीर दिला. "पॉझिटिव्ह असली की ते दोनदा तपासतात नाना, म्हणून उशीर होतो. तुम्ही काही काळजी करू नका."

शनिवारी पहाटे साडेपाचला, स्टेशनला जाण्यासाठी घराला कुलूप लावताना, नानांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी काढून पाहिलं. लॅबचा मेसेज. सुलक्षणा प्रेमराज पाटील, तुमचा रिपोर्ट तयार आहे, पाहण्यासाठी खाली दाबा.

एप्रिलातला मेसेज अगदी असाच होता. एका अक्षराचा फरक नव्हता. त्या दिवशी नाना दूध आणायला गेले होते. गॅस सिलिंडरचा मेसेज उघडावा तसा त्यांनी तो उभ्या उभ्या उघडला, वाचला, आणि पिशवी हातातून सुटून सगळं दूध रस्त्यावर गेलं. त्या संध्याकाळी अक्का आत गेल्या. आपण तो मेसेज इतक्या सहज उघडला म्हणूनच पुढचं झालं असं काही नाही, हे नानांना कळत होतं. चांगलं कळत होतं. तरीही त्यांनी फोन खिशात परत ठेवला आणि कुलूप ओढून पाहिलं.

"उना का रिपोर्ट?" रिक्षात अक्कांनी विचारलं.

"नाही. या लॅबवाल्यांना सांगून उपयोग नाही."

गाडीत बसल्यावर नानांनी ठरवलं की पाचोऱ्याला उघडू. पाचोरा आलं तेव्हा चहावाला आला, हात गुंतले. मग चाळीसगावला उघडू असं ठरलं. चाळीसगावला अक्कांनी दशम्या आणि ठेचा काढला आणि खाताना माणसानं असलं काही बघू नये. मनमाडला गर्दी होती. नाशिकला ऊन फोनच्या पडद्यावर येत होतं. प्रत्येक स्टेशनाच्या नावानं नाना खिशात हात घालत आणि रुमाल घेऊन बाहेर काढत. एव्हाना समोरच्या बाकावरच्या प्रवाशांना धुळ्याच्या लॅबची सगळी कुंडली माहीत झाली होती. नाना इतक्या पोटतिडकीनं तिला शिव्या देत होते की त्यांतल्या एकानं तिचं नाव लिहून घेतलं, पुढेमागे कधी त्या बाजूला जाऊ नये म्हणून.

अक्कांनी नवी साडी नेसली होती, मोरपंखी. चार दिवसांच्या दशम्या बरोबर घेतल्या होत्या, कारण जहाजावरचं तेल कसलं असेल कोण जाणे. त्या खिडकीशी बसून होत्या. कसाऱ्याच्या घाटात गाडी बोगद्यात शिरली, सगळीकडे काळोख झाला, आणि नानांनी फोन काढला. पडद्याच्या उजेडात त्यांना आपला अंगठा दिसला. अंगठा त्या ओळीपर्यंत गेला. मग बोगदा संपला.

कल्याणला त्यांनी शेवटचा निर्णय घेतला की हे आपण उघडायचंच नाही. बंदरावर जे काही असेल ते तिथले लोक बघतील. चौतीस वर्षांत त्यांनी एकही निर्णय वरच्या कार्यालयाकडे ढकलला नव्हता. आज ढकलला.

बंदराच्या गेटवर ते अडीचला पोचले. गेट चारला बंद होणार होतं. टेबलामागे निळ्या कोटातली एक मुलगी बसली होती. तिनं नानांचा रिपोर्ट पाहिला, मान डोलावली आणि म्हणाली, "मॅडमचा?"

"आलेला नाही."

"लिंक येते सर, फोनवर बघा ना जरा."

"आलेली नाही म्हणतो ना मी."

"काही हरकत नाही. बाजूला रॅपिड टेस्ट आहे. साडेतीन हजार, अर्ध्या तासात रिपोर्ट."

अडचण अशी की ही वाट अगदी सरळ होती. नानांच्या पाकिटात पाच हजार होते. अर्धा तास लागणार होता आणि हातात दीड होता. एवढी सोय झाल्यावर नानांनी जे केलं ते पाहून गेटवरचे शिपाईही गोळा झाले. साडेतीनशेची काडी साडेतीन हजाराला? कोणत्या आदेशानं? आदेशाचा क्रमांक काय, दिनांक काय? तक्रार वही कुठे आहे? तुमचे वरिष्ठ कोण? वरिष्ठ आले. नानांनी त्यांना जमीन महसूल अधिनियमातल्या दोन कलमांची आठवण करून दिली, ज्यांचा जहाजाशी काही संबंध नव्हता. वरिष्ठांनी पाणी मागवलं. तीन वाजले.

"भरी टाका ना पैसा," अक्का मागून म्हणाल्या. "मी करी लेसू टेस्ट. काय ऱ्हास त्यामा?"

"पैशाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्यांनी वळून पाहिलं तर अक्का टेस्टच्या खुर्चीवर जाऊन बसल्यासुद्धा होत्या. मास्क हनुवटीखाली होता. पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं काडीचं पाकीट फाडायला घेतलं होतं.

"ऊठ!" नाना असे ओरडले की त्या माणसाच्या हातून पाकीट पडलं. "आधी हे मला लेखी देऊ देत. ऊठ आधी!"

अक्का उठल्या. नानांच्या तोंडाकडे पाहत उभ्या राहिल्या. नाना लेखी अर्ज लिहायला बसले, आणि असा अर्ज त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. एकेक अक्षर कोरून काढत होते. दुसरं पान लागलं. निळ्या कोटातली मुलगी दोनदा येऊन गेली, "सर, वेळ," म्हणून. नानांनी मान वर केली नाही. चार वाजता गेटची सरकती जाळी बंद झाली, आणि अर्जावर नानांची सही व्हायची होती.

"सॉरी सर," ती मुलगी म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. "खूप सॉरी, मॅडम."

जाळीतून जहाज दिसत होतं. सगळी पांढरी भिंत आणि तिच्यात गोल खिडक्या. भिंत एवढी लांब होती की तिच्यामागचा समुद्र बोटभरही दिसत नव्हता. अक्कांनी एकदा टाचा उंचावून पाहिलं, मग आपल्या बॅगेवर बसल्या.

"फोन द्या," त्या म्हणाल्या. "रूपाले सांगस, नही जाई राह्यनूत म्हनीसन."

रूपा म्हणजे त्यांची मुलगी, सुरतला असते. फोन न द्यायला नानांना कारण सापडेना. चौतीस वर्षांत कुठल्याही गोष्टीला त्यांना कारण सापडलं नाही असं झालं नव्हतं. त्यांनी फोन दिला.

अक्का नंबर शोधत होत्या. शोधता शोधता थांबल्या. पडदा डोळ्यांजवळ नेला.

"हाई काय शे?"

नाना जाळीकडे सरकले.

"सकाय साडेपाचनं शे हाई. माना नावनं."

अक्कांनी अंगठ्यानं दाबलं. इतकं साधं होतं ते. नानांनी डोळे गच्च मिटले आणि जाळीचा गज धरला. गज थंड होता. त्या क्षणी त्यांना समुद्र नको होता, जहाज नको होतं, दिलेला शब्दही नको होता. कुणी काही वाचू नये एवढंच हवं होतं.

"निगेटिव्ह," अक्का म्हणाल्या.

नानांना ते ऐकू गेलं, पण अंगात पोचायला वेळ लागला. मग ते गजाला धरूनच खाली बसले, खालच्या फरशीवर, निवृत्त मंडळ अधिकारी, आणि लहान मुलासारखे रडले. शिपाई दुसरीकडे बघू लागले. मघाचा अर्ज वाऱ्यानं थोडा पुढे गेला, आणि कुणी उचलला नाही.

अक्कांनी त्यांना रडू दिलं. त्या रागावलेल्या होत्या. छत्तीस वर्षांत चौथ्यांदा पिशव्या रिकाम्या कराव्या लागणार होत्या, आणि या वेळी गारपीट नव्हती की पूर नव्हता. राग त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता.

"माले सांगं काबर नही?"

"तू घाबरशील म्हणून."

"मी?" अक्का म्हणाल्या. "बठ्ठी कॉलनीले तुम्ही हाईच सांगत फिरनात. मी धुळाले घाबरनू नही. आठे त्या खुर्चीवर घाबरनू नही. कोन घाबरनं, सांगा बरं?"

नानांनी नाक पुसलं. पाच दिवसांत त्या नाकावर किती पैसे गेले याचा त्यांना या घडीला पत्ता नव्हता.

"मी," ते म्हणाले. "मी घाबरलो."

जहाजाचा भोंगा वाजला. अक्कांनी तिकडे पाहिलं नाही. त्या उठल्या, नानांच्या पुढ्यात आल्या आणि हात पुढे केला. नानांनी तो धरला, पण उठता येईना. अक्कांनी ओढलं, त्यांना दम लागला, तरी हात सोडला नाही. दम खात खातच त्या बोलल्या.

"मी अकरा दिन दवाखानाना मझार व्हतू, बारावे दिन घर उनू. तुम्ही आजून तठेच बठेल शेतस, दवाखानाना बाहेर." थांबल्या, श्वास घेतला. "उठा आते. तुम्ही तठेच बठी राह्यनात, मंग घर मी कोनासंगे बोलू?"